भिंग सरकलंय असं डॉक्टर म्हणाले, आता काय काय करायचं

माझी मुलगी ६ वर्षांची असताना एका रात्री खिडकीत उभी राहून म्हणाली, आई, या डोळ्याने चंद्र दोन दिसतात. मी म्हटलं दुसरा डोळा झाक, तर म्हणाली झाकलाय की, एकाच डोळ्याने दोन दिसतात. त्याआधी दोन वर्षं तिचा चष्म्याचा नंबर दर चार-सहा महिन्यांनी वाढत होता, सोबत सिलिंडरचा नंबरही वाढत होता, दर वेळी नवीन काचा बसवून मिळायच्या, पण डोळ्यात ड्रॉप टाकून, बाहुली मोठी करून आत कुणी बघितलंच नव्हतं. त्या रात्रीनंतर बघितलं आणि कळलं की दोन्ही डोळ्यांतली भिंगं वर सरकलीत. मग तिच्या हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफी झाली, मग माझा झाला, आणि वयाच्या ३८व्या वर्षी मला कळलं की मलाही मारफान सिंड्रोम हा जन्मजात आजार आहे आणि माझी महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, हृदयाजवळ फुगलीय. तिने चंद्राचं बोलून दाखवलं नसतं तर माझी महारोहिणी कुणी मोजलीच नसती.

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे आणि पेशंटची आई आहे. या वर्षांत जे शिकले, जे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते सगळं क्रमाने लिहितेय. तुम्हाला किंवा घरात कुणाला मारफान, होमोसिस्टिन्युरिया, वाइल-मार्केसानी असा भिंग सरकवणारा जन्मजात आजार असेल, किंवा फक्त "नंबर फार भराभर वाढतोय" एवढंच असेल तरी वाचा.

आधी हे समजून घ्या, सरकतं म्हणजे काय

बाहुलीच्या मागे आपलं स्वतःचं पारदर्शक भिंग असतं. ते शेकडो बारीक तंतूंनी सगळीकडून ताणून बांधलेलं असतं, बाजेची विण चौकटीला ताणून बांधावी तसं. हे तंतू मुख्यतः फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाचे असतात. हे प्रथिन बनवणारा जीन १५व्या गुणसूत्रावर आहे, त्याचं नाव एफबीएन१, आणि मारफान त्याच्यातल्या बिघाडाने होतो हे १९९१ मध्ये स्पष्ट झालं. मारफान हे नाव मात्र खूप जुनं, एका फ्रेंच बालरोगतज्ज्ञाचं, त्यांनी १८९६ मध्ये लांब सडपातळ हातापायांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं होतं. हेच फायब्रिलिन महारोहिणीच्या भिंतीतही असतं, म्हणून डोळा आणि हृदय या गोष्टी एकत्र येतात, वरून बघितलं तर काही संबंध वाटत नाही पण धागा एकच आहे.

तंतू सैल पडले किंवा काही तुटले की भिंग एका बाजूला ओढलं जातं. थोडं सरकलं, अजून बाहुलीच्या मागेच आहे, त्याला डॉक्टर सबलक्सेशन म्हणतात. पूर्ण सुटलं तर डिसलोकेशन, मग ते एकतर पुढे बुबुळाच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाच्या) समोर येतं नाहीतर मागे पडद्याच्या (रेटिनाच्या) बाजूला पडतं. या सगळ्याला मिळून फायलीवर एक्टोपिया लेंटिस असं लिहिलेलं दिसेल, नाव वाचून घाबरू नका, अर्थ फक्त "भिंग जागेवर नाही" एवढाच आहे.

मारफान साधारण ५००० माणसांत एकाला असतो, आणि त्यातल्या साधारण ६० टक्के लोकांचं भिंग सरकतं, बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांत. म्हणजे ४० टक्के लोकांचं सरकत नाही, मी त्यांच्यातली. माझ्यात आणि मुलीत जीनचा बिघाड अगदी तोच आहे, तरी तिचं सरकलं आणि माझं जागेवर आहे, त्यामुळे "मला नाही म्हणजे मुलांनाही नसणार" हा हिशोब कृपा करून करू नका.

घरी काय बघायचं

पहिली खूण म्हणजे नंबर. मायनस नंबर भराभर वाढणं, सिलिंडर नंबर वाढणं, आणि नवीन चष्मा लावूनही तक्त्यावरच्या खालच्या ओळी नीट न वाचता येणं. सरकलेल्या भिंगाच्या मधून न बघता माणूस त्याच्या कडेतून बघायला लागतो आणि कडेची वक्रता वेगळी, म्हणून हे होतं.

दुसरी, एका डोळ्याने दोन दिसणं. मूल दोन दिसतात म्हणालं तर एकेक डोळा झाकून विचारा. एक डोळा झाकल्यावर दोनाचं एक झालं तर तो बहुतेक तिरळेपणाचा विषय, झाकूनही दोनच राहिले तर दोष त्या उघड्या डोळ्याच्या आत आहे आणि भिंगाची कड बाहुलीच्या मधोमध आलेली असू शकते. लहान मुलं आपणहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.

तिसरी गोष्ट जवळून बघावी लागते. मुलाला समोर बसवा, बाजूने मंद उजेड येऊ दे, आणि त्याला पटकन इकडून तिकडे नजर फिरवायला सांगा. नजर थांबली की बुबुळही थांबायला हवं. माझ्या मुलीचं थांबत नव्हतं, नजर स्थिर झाल्यावरही क्षणभर थरथरायचं, ताटातल्या पाण्याला धक्का लागल्यावर कसं हलतं तसं. मागचा भिंगाचा आधार सैल झाला की बुबुळ असं हलतं. दिसलं नाही म्हणजे भिंग ठीक आहे असं नाही हं, पण दिसलं तर वेळ घालवू नका.

बाकी शरीराकडेही बघा. खूप उंची, लांब हात, लांब बोटं, छातीचं हाड आत गेलेलं किंवा पुढे आलेलं, पाठीचा कणा वाकडा, सांधे जास्त वळणारे, तर मारफानचा विचार होतो. उलट बुटकेपणा, आखूड जाड बोटं, ताठ सांधे आणि फार मोठा मायनस नंबर असेल तर वाइल-मार्केसानी. एहलर्स-डॅनलॉस नावाच्या आणखी एका जन्मजात आजारात सांधे सैल असतात पण भिंग सरकणं त्यात कमी दिसतं.

डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना

चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटर नंबरवर थांबू नका, डोळ्याचे डॉक्टरच हवेत, आणि शक्य असेल तर लहान मुलांचे डोळे बघणारे. स्पष्ट सांगा की ड्रॉप टाकून, बाहुली पूर्ण मोठी करून स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) भिंगाची कड बघायचीय. लहान बाहुलीतून थोडं सरकलेलं भिंग दिसतच नाही, आमची दोन वर्षं इथेच गेली.

ड्रॉपच्या आधी दोन गोष्टी बोला. एक, महारोहिणी फुगलेली असेल किंवा बीपीचं औषध चालू असेल तर ते सांगा, कारण बाहुली मोठी करायच्या काही ड्रॉपमध्ये फेनिलेफ्रिन असतं, त्याने बीपी वाढू शकतं, दुसरे ड्रॉप वापरता येतात. दोन, भिंग फार सैल आहे असं आधीच माहीत असेल तर तेही सांगा, बाहुली मोठी असताना सैल भिंग पुढे निसटू शकतं. म्हणून तपासणीनंतर बाहुली पूर्ववत होईपर्यंत पालथं झोपणं, बराच वेळ मान खाली घालून बसणं टाळा.

एक वही करा, हे मी सगळ्यांना सांगते. प्रत्येक व्हिजिटला दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं लिहायचं: चष्म्यासकट किती ओळी वाचल्या, नंबर, डोळ्याचं प्रेशर, डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये, भिंग कुठल्या दिशेला आणि कड बाहुलीच्या कुठपर्यंत आलीय, पडदा कसा आहे. लांबी का म्हणाल, तर मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो, मारफानमध्ये तो जास्त लांबतो, आणि लांबलेल्या डोळ्याचा पडदा पातळ होऊन सुटायची भीती जास्त असते. एका भेटीचा आकडा फारसं काही सांगत नाही, चार भेटींचे आकडे शेजारी ठेवले की गाडी कुठे चाललीय ते कळतं.

कारण शोधल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नका

ही पायरी लोक गाळतात. भिंग सरकलंय म्हटल्यावर आता ऑपरेशन कधी, एवढंच डोक्यात येतं. थांबा, का सरकलं ते आधी.

दिशेवरून अंदाज येतो. मारफानमध्ये भिंग बहुतेक वेळा वर आणि कानाच्या बाजूला जातं, तंतू ताणले जातात पण बरेचसे शाबूत असतात, त्यामुळे जवळचं वाचता येतं. होमोसिस्टिन्युरियामध्ये बहुधा खाली आणि नाकाच्या बाजूला, तंतू तुटतात, आणि जवळ बघायची ताकद जाते. पण दिशेवर निदान करू नका, तो फक्त इशारा आहे.

करायचं काय, तर हृदयाचा इको आणि त्यात महारोहिणीच्या मुळाचं माप, आणि रक्तातलं होमोसिस्टिन. २०१० च्या सुधारित घेंट निकषांत मारफानचं निदान मुख्यतः या दोन खांबांवर उभं आहे, भिंग सरकणं आणि महारोहिणीचं मूळ फुगणं. भिंग सरकलेल्या माणसाचा इको न होणं ही माझ्या मते मोठी चूक आहे, डोळ्याने जीव जात नाही, महारोहिणी फाटली तर जातो. फुगलेली आहे हे वेळेत कळलं तर औषधं आहेत, दरवर्षीचं माप आहे, वेळेवर करायचं ऑपरेशन आहे.

होमोसिस्टिनची तपासणी ऑपरेशनच्या आधीच का, तर ते वाढलेलं असतं त्या होमोसिस्टिन्युरियात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो आणि भूल देताना, ऑपरेशननंतर पडून असताना तो वाढतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना माहीत असेल तर ते नायट्रस ऑक्साइड टाळतात, शरीरात पाणी कमी पडू देत नाहीत. आणि या आजाराला उपचार आहे, साधारण निम्म्या लोकांना बी६ जीवनसत्त्वाचा मोठा डोस लागू पडतो, बाकीच्यांना मेथिओनिन (प्रथिनांतला एक घटक) कमी असलेला आहार आणि बीटेन नावाचं औषध. लहानपणीच सुरू केलं तर भिंग सरकणं लांबतं किंवा टळतंही.

जीनची तपासणी करता आली तर करा. काही घरांत एडीएएमटीएसएल४ नावाच्या जीनमुळे फक्त भिंगच सरकतं, हृदयाला काही नसतं, हे कळलं की मोठा दिलासा मिळतो. मारफान असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता ५० टक्के, पण साधारण चारातल्या एका पेशंटच्या घरात आधी कुणालाच नसतो, तो बिघाड त्याच्यापासूनच सुरू होतो. त्यामुळे "आमच्या घराण्यात कुणाला नाही" याला अर्थ नाही. आई, वडील, भावंडं सगळ्यांचे डोळे ड्रॉप टाकून आणि सगळ्यांचा इको, एकदा तरी.

चष्मा, पट्टी, कॉन्टॅक्ट लेन्स

बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं चष्म्यावर छान चालतं, सरकलं म्हणजे काढायलाच हवं असं मुळीच नाही. पण हा नंबर काढणं कौशल्याचं काम आहे. कारण एका बाहुलीत दोन वाटा असतात, एक भिंगातून जाणारी, तिला मोठा मायनस आणि सिलिंडर लागतो, आणि दुसरी भिंग सरकल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेतून जाणारी, तिला साधारण प्लस १० च्या आसपास लागू शकतो. भिंग अर्ध्याच्या वर सरकलेलं असेल तर कधीकधी ही मोकळी वाट जास्त स्वच्छ दिसते. डॉक्टरांना विचारा की दोन्ही वाटांनी नंबर बघितला का. माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्याला मोकळ्या वाटेच्या नंबरने दोन ओळी जास्त दिसल्या, आणि हे एका शांतपणे तासभर बसून काच बदलत राहिलेल्या माणसामुळे कळलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मुलांच्या बाबतीत घाई आहे, आणि ती आळशी डोळ्यामुळे. साधारण ७-८ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो, या काळात डोळ्याकडून धूसर चित्र गेलं तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष द्यायचं सोडतो, आणि मग नंतर भिंगाचं काहीही केलं तरी नजर पूर्ण येत नाही. म्हणून अचूक चष्मा दिवसभर, आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, सांगितले तितके तास. पट्टीला मूल रडतं, ओढून काढतं, आमच्याकडे पण झालं, आम्ही पट्टीचा वेळ तिच्या आवडीच्या चित्रं रंगवण्याला जोडला, रोज ठरलेल्या वेळी, तेव्हा कुठे बसली.

जवळचं दिसत नसेल तर बायफोकल लागतो, शाळकरी मुलालाही. दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स बरी पडते.

नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, लॅसिक वगैरे, याच्या नादी लागू नका. दोष भिंगाच्या जागेत आहे आणि लेझर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर चालतं, शिवाय मारफानसारखं संयोजी ऊतक (शरीराला बांधून ठेवणारे तंतू) कमकुवत असलेल्यांमध्ये तो पडदा पातळ केला की पुढे येऊन वाकडा होण्याचा धोका असतो.

ऑपरेशन कधी आणि कुठलं

कारणं साधारण ही: चष्म्याने नजर कामापुरती येत नाही, भिंगाची कड बाहुलीच्या बरोबर मध्ये आल्यामुळे कुठलाच नंबर बसत नाही, लहान मुलात डोळा आळशी होतोय, मोतीबिंदू झालाय, प्रेशर वाढतंय, किंवा भिंग पुढे-मागे निसटलंय. यातलं काही नसेल आणि कुणी घाई करत असेल तर दुसरं मत घ्या.

हे नेहमीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाही. तिथे भिंगाची पिशवी शाबूत असते, तिच्यात कृत्रिम लेन्स बसवली की झालं. इथे पिशवीच लोंबकळतेय. थोडंच सरकलं असेल तर पिशवीत आधाराची रिंग घालतात, तिची एक कडी डोळ्याच्या पांढऱ्या भागाला टाक्याने बांधून पिशवी मध्ये ओढून घेतात आणि लेन्स तिच्यात ठेवतात. जास्त सरकलं असेल तर भिंग पिशवीसकट काढतात, समोरचा जेलीसारखा भागही साफ करतात, आणि मग लेन्स पांढऱ्या भागाला बांधतात, किंवा बुबुळाला चिमट्यासारखी पकडणारी बसवतात, किंवा काहीच बसवत नाहीत आणि कॉन्टॅक्ट लेन्स किंवा जाड चष्मा देतात. लहान मुलांत हा शेवटचा मार्ग अगदी चांगला असतो, डोळा वाढत असतो, नंबर बदलत राहतो, लेन्स मोठेपणी बसवता येते. मुलाला लेन्स न बसवता सोडलं म्हणून अर्धवट काम केलं असं समजू नका.

डॉक्टरांना हे विचाराच. असे डोळे तुम्ही नियमित करता का. पडद्याचे डॉक्टर सोबत असतील का. लेन्स टाक्याने बांधणार असाल तर दोरा कुठला, कारण १०-० जाडीचा बारीक प्रोलीनचा दोरा काही वर्षांनी झिजून तुटू शकतो आणि लेन्स पुन्हा निसटते, पेशंटचं वय लहान असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा. ऑपरेशननंतर वाचायला वेगळा नंबर लागेल, कारण जवळ-दूर फोकस बदलायची ताकद भिंगासोबत जाते, याची तयारी ठेवा.

हृदयाच्या डॉक्टरांची लेखी परवानगी आधी घ्या. हृदयाची झडप बदललेली असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. अजून एक, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकबद्दल अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिलाय की महारोहिणी फुगलेल्यांनी, मारफान आणि एहलर्स-डॅनलॉसवाल्यांनी दुसरा पर्याय असेल तर ती घेऊ नयेत. हा इशारा गोळ्या-इंजेक्शनचा आहे, डोळ्यातल्या ड्रॉपचा नाही, पण ताप-खोकल्याला कुठेही गेलात तरी लक्षात असू द्या. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे ड्रॉप दिले आणि हृदयासाठी आधीच बीटा ब्लॉकर चालू असेल, किंवा दमा असेल, तर तेही सांगा, टिमोलॉलही बीटा ब्लॉकरच आहे आणि ते ड्रॉप रक्तातही जातात.

रोजचं

डोळे चोळायचे नाहीत. बॉक्सिंग, कुस्ती, उंचावरून पाण्यात सूर मारणं, डोक्याला दणका बसेल असे खेळ नाहीत. चालणं, निवांत पोहणं चालतं, महारोहिणीचं माप बघून डॉक्टर ठरवतील तेवढं. चेंडूचा खेळ असेल तर पॉलिकार्बोनेटचा चष्मा. शाळेत पुढचा बाक आणि मोठी अक्षरं. तपासणी लहान मुलात दर काही महिन्यांनी, मोठ्यांत निदान वर्षातून एकदा, पडदा आणि प्रेशरसकट, ऑपरेशन झालं असलं तरी.

धावत जायची वेळ

डोळ्यात अचानक तीव्र दुखणं, लाली, डोकं दुखणं, उलटी, धूसर दिसणं: भिंग पुढे येऊन पाण्याची वाट अडवली असू शकते, प्रेशर काही तासांत नस खराब करू शकतं. वाइल-मार्केसानीत भिंग छोटं आणि गोल असल्याने हे जास्त होतं. पाठीवर उताणं झोपा, तोंड वर, म्हणजे भिंग मागे जायला मदत होते, आणि तसंच हॉस्पिटलला जा. घरात असलेला काचबिंदूचा ड्रॉप स्वतःहून घालू नका, पायलोकार्पिनसारखे बाहुली बारीक करणारे ड्रॉप गोल भिंगाच्या डोळ्यात अडथळा उलट वाढवतात.

डोळ्यासमोर विजेसारखे चमकारे, अचानक काळे ठिपके, बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली: पडदा सुटत असेल, त्याच दिवशी दाखवा, सकाळची वाट बघू नका.

मुलीच्या दप्तरात आम्ही एक कार्ड ठेवलंय, शाळेत सगळ्या शिक्षकांना दाखवलंय, तुम्ही आपल्या नावाने तसंच करून घ्या. त्यावर एवढंच लिहिलंय: "हिला मारफान सिंड्रोम आहे. दोन्ही डोळ्यांतली भिंगं सरकलेली आहेत. डोळा अचानक दुखून लाल झाला तर उताणं झोपवा, कुठलाही ड्रॉप घालू नका, लगेच डोळ्याच्या हॉस्पिटलमध्ये न्या. छातीत किंवा पाठीत अचानक जोरात दुखलं तर ॲम्ब्युलन्स बोलवा आणि महारोहिणी तपासायला सांगा." खाली आमच्या दोघांचे फोन नंबर, चालू औषधं, आणि शेवटच्या इकोची तारीख.